माघीच्या सकाळचं वजन

डब्याचं झाकण टक् करून उघडलं, आणि रागिणीचा लोकर उसवणारा हात जागीच थांबला.

गल्लीत कसला म्हणून आवाज नव्हता. सकाळपासून बाजार बंद होता. बंद कुणी पुकारला, कशासाठी, हे विचारायचं लोकांनी आता सोडून दिलं होतं. शटर खाली म्हणजे खाली. अशा दिवशी पंजाबकडच्या मनीमाजऱ्यातली ही अरुंद गल्ली इतकी गप्प व्हायची, की घरमालकीण बीजींच्या अंगणातली म्हैस रवंथ करायची तेसुद्धा खोलीत ऐकू यायचं. त्यात हा टक्.

"उल्के, काय करतीस गं?"

रागिणी उठली. चार वर्षांची उल्का फळीखाली पाठमोरी उकिडवी बसली होती. मांडीत गुळाचा डबा, उजवा गाल फुगलेला.

"तोंड उघड."

उल्केनं जोरात मान हलवली.

"उघड म्हणते ना!"

"मैंने नहीं खाया," उल्का म्हणाली, आणि तेवढं म्हणायला तोंड उघडावं लागलं, तिथंच ती सापडली.

रागिणीनं तिच्या तोंडात बोट घातलं आणि गुळाचा खडा बाहेर काढला. अर्धा विरघळलेला, कोमट खडा. उल्का रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. आईच्या तळहातावरच्या खड्याकडे तिनं नुसतं पाहिलं, जसं पतंग दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडला की मुलं पाहतात.

रागिणीला तो खडा टाकवेना. स्वतःच्या तोंडात तर मुळीच घालवेना. शेवटी तिनं तो एका वाटीत ठेवला आणि वर बशी झाकली.

"उद्या वजन झालं, की हा सगळा डबा तुझा. मी हात लावणार न्हाई, बाबापण लावणार न्हाईत."

"पक्का?"

"पक्का."

उल्का ओठ चाटत तिथंच बसून राहिली.

वजन होतं अंगणवाडीत. दोन गल्ल्या सोडून, धर्मशाळेच्या मागच्या खोलीत सुदेश बहनजींची अंगणवाडी भरायची. पोरं पाढे म्हणायची, नाकं पुसायची, एकमेकांच्या वेण्या ओढायची, आणि दुपारी प्रत्येकाला गव्हाच्या भरड्याचा कटोरीभर दलिया मिळायचा. कधी गोड, कधी मुगाची डाळ घातलेला. त्या दलियावर रागिणीचं घर गेले काही महिने चाललं होतं, असं म्हटलं तर गुरुनाथला राग आला असता. पण उल्केचं दुपारचं पोट त्यावर भरत होतं हे खरं होतं. दुपारची चूल पेटवायची नसली, की संध्याकाळी तिघांना भाकरी पुरत होती.

गुरुनाथ चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत अफसरांच्या मेसमध्ये ठेकेदाराकडे स्वयंपाकी होता. कराडकडचा माणूस. एका नातलगाच्या ओळखीनं इतक्या लांब आला, तो मेसच्या भटारखान्यात रमून गेला होता. मग दिवाळीनंतर सीमेवर हालचाल सुरू झाली. ट्रकच्या ट्रक भरून पलटणी निघून गेल्या, मेसच्या टेबलांवर चादरी पडल्या, आणि ठेकेदार म्हणाला, साहेबलोक परत आले की ये. आता गुरुनाथ बसस्टँडजवळ एका गाड्यावर ब्रेडपकोडे तळायला उभा राहायचा. गाडा दुसऱ्याचा, आणि अंधाराच्या आत बंद. बंद असला की तेवढंही नाही.

आणि अंगणवाडीत येणारी पोतीही रोडावली होती. ट्रक कधी वाटेत अडकायचा, कधी अर्धाच भरून यायचा. अखेर सुदेश बहनजींनी सगळ्या आयांना बोलावून सांगितलं, सगळ्या पोरांना पुरेल इतकं आता येणार नाही. वरून हुकूम आहे. पोरांचं वजन होईल. ज्यांचा काटा रेघेच्या खाली राहील त्यांना दलिया. ज्यांचा वर जाईल त्यांचं नाव कटेल.

"मग जी पोरं दलिया खाऊन वर गेली, ती?" कुणीतरी विचारलं होतं.

"वो ठीक हो गए ना, बहन," सुदेश म्हणाल्या, आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

मागच्या खेपेला उल्केचा काटा बरोबर रेघेवर थरथरत उभा राहिला होता. सुदेशनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नीचे ही है, नीचे ही है." ती मेहरबानी होती, आणि ती पुन्हा होणार नव्हती. या खेपेला तपासायला मोठ्या बाई येणार होत्या.

म्हणून चार दिवस रागिणी उल्केचा घास लहान करत आली होती. अर्ध्या भाकरीची चतकोर व्हायची. दूध नव्हतंच, तिथं कमी काय करणार? उल्का मागायची तेव्हा ती गोष्ट सांगायची, गोष्ट संपली की गाणं म्हणायची, गाणं संपलं की झोपवायची. आज थोडं कमी खाल्लंस, तर वर्षभर कटोरी मिळेल. हे ती उल्केला सांगत होती की स्वतःला, ते तिचं तिला कळत नव्हतं.

*

दिवस कलायच्या आत गुरुनाथ आला. चंडीमंदिरपर्यंत चालत जाऊन आला होता. काही कळलं का, असं रागिणीनं विचारलं नाही. त्यानं चपला काढल्या त्यावरून तिला कळलं. त्यानं स्वेटरच्या आतून कागदात गुंडाळलेला ब्रेडचा तुकडा काढला, वर तूप लावून भाजलेला.

"मेसचा चौकीदार भेटला. चहा पाजला. हे उल्कीसाठनं."

उल्का धावली. रागिणी मध्ये आली.

"नको."

"का? बरं न्हाई का तिला?"

"उद्या वजन हाय."

"मग?"

"मग काय मग? काटा वर गेला तर दलिया बंद."

गुरुनाथनं उल्केकडे पाहिलं, मग रागिणीकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"कवापासनं चाललंय हे?"

रागिणीनं उल्केला जवळ ओढलं.

"मेसमधी मेजरसाहेबाचं कुत्रं होतं. त्यालासुदिक मी कधी उपाशी ठिवलं न्हाई."

"म्हंजे मी ठेवते, असं म्हणता?"

"मी कुठं म्हणलो?"

"न्हाई, म्हणा की! तुम्ही गाड्यावर असता. दुपारी मागती कुणाला ती? तुम्हाला मागती?"

गुरुनाथ खाटेच्या कडेवर बसला. शेकडो माणसांचं जेवण ज्या हातांनी काढलं, ते हात त्यानं गुडघ्यांमध्ये धरले. मग त्यानं ब्रेडचे दोन तुकडे केले, एक रागिणीपुढं धरला, एक पुन्हा कागदात गुंडाळून फळीवर ठेवला.

"तू खा. तुझं कुणी वजन करत न्हाई."

रागिणीला हसू आलं.

बाहेरून बीजींची उल्केसाठी हाक आली. "नी मराठन! कुडी कित्थे है तेरी? लोहडी जला दित्ती!"

ती लोहडीची, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची, संध्याकाळ होती. एरवी म्हणे गल्लीत आगट्या रात्र रात्र पेटलेल्या असायच्या, ढोल वाजायचे. यंदा चौकीवरचे शिपाई सांगून गेले होते, अंधाराच्या आत आवरा. म्हणून उजेड असतानाच लाकडं पेटवली होती. बाया शालीत तोंड झाकून गोल उभ्या होत्या, आणि पोरं तेवढ्यात दारोदार फिरून लोहडी मागून घेत होती. या दिवशी कुणाच्या दारातून पोर रिकाम्या हातानं जात नाही. शेंगदाणे, रेवड्या, फुटलेला मका. ज्याच्या घरी काही नाही, तो निदान मूठभर मका फोडून ठेवतो.

बीजींचं नाव बचन कौर होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. पांढऱ्या दुपट्ट्यातली उंच, रुंद खांद्यांची म्हातारी. मुलगा, सून, नातवंडं बटाल्याला. दर लोहडीला यायची. यंदा मुलानं निरोप पाठवला होता, बसमधून लोकांना उतरवतात, बायकापोरांना घेऊन येत नाही. बीजींनी तो निरोप ऐकून फक्त "चंगा" म्हटलं होतं, आणि नेहमीइतक्याच रेवड्या आणवल्या होत्या.

गावाकडच्या ओळखीच्या लोकांनी गुरुनाथला सांगून पाहिलं होतं, दिवस वाईट आहेत, सरदारांच्या घरात कशाला राहतोस, शहराकडं सेक्टरात खोली बघ. गुरुनाथ म्हणायचा, सेक्टरात भाडं तुम्ही देता का? आणि मग हळूच म्हणायचा, म्हातारीला टाकून कुठं जायाचं?

"झोळी कर," बीजी उल्केला म्हणाल्या. उल्केनं फ्रॉक पुढं धरला. बीजींनी ओंजळीमागून ओंजळ ओतली.

उल्केनं एक रेवडी उचलली, आणि तोंडाशी नेता नेता मान वर करून आईकडे पाहिलं.

रागिणीनं नाही अशी मान हलवली. अगदी थोडी. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी.

उल्केनं हात खाली घेतला. आजूबाजूला पोरं कडाकडा दाणे फोडत होती, टरफलं आगीत फेकत होती, आणि ती फ्रॉकचा घोळ पोटाशी धरून उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. ती रेवडी तिनं मुठीत आवळून ठेवली होती. चौकीवरची शिट्टी झाली, आग विझवली, सगळी घरात गेली, तेव्हा रागिणीनं तिची मूठ उघडून पाहिली. रेवडी वितळून हाताला चिकटली होती, तिळांसकट. रागिणीनं ओल्या फडक्यानं तो हात पुसला. एक एक बोट पुसताना तिला वाटलं, मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

*

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की हातपंप दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू यायचा. रागिणी दोन बादल्या भरून परत आली तर खाट रिकामी. उल्का बीजींच्या चुलीपाशी पाटावर बसली होती. डोक्याला बीजींची शाल गुंडाळलेली, हातात कांस्याची वाटी, आणि वरच्या ओठावर खिरीची तांबूस मिशी.

रागिणीच्या हातातली बादली खाली आदळली. पाणी सांडलं.

"बीजी!"

"आज माघी है," बीजी म्हणाल्या. त्या वाटीत आणखी एक पळी वाढत होत्या. उसाच्या रसात तांदूळ शिजवून केलेली खीर. ती लोहडीच्या रात्री चुलीवर ठेवायची आणि माघीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी, थंड झालेली, आधी घरातल्या पोरानं खायची, मग मोठ्यांनी. पौषात शिजवलेलं माघात खायचं, अशी इकडची रीत. पोरानं तोंड लावल्याशिवाय पातेल्याला दुसरा हात लागत नाही. "मेरे घर कोई नहीं आया. किसको खिलाती पहले? तू पाणी लैण गयी सी, ये उठके बैठी थी. मैं केहा, आ जा मेरा पुत्त."

"बीजी, आज उसका तोल है," रागिणी म्हणाली. तिचं हिंदी घाईच्या वेळी नेहमी फाटायचं. "आंगनवाडीमें. वजन जास्ती आया तो दलिया बंद होता है. मैंने चार दिन से... कल शाम को भी... उसको..."



बीजींनी पळी पातेल्यात ठेवली. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या उल्केच्या डोक्यावरून, शालीवरूनच, हात फिरवत राहिल्या.

"तां इसी लई कल रेवडी नहीं खाधी," त्या म्हणाल्या. "मैं सोच्या, ताप है इसको."

"हां."

"भुक्खी रखके तोलना था?"

त्या रागावल्या नव्हत्या, टोमणाही नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, आणि रागिणीनं गेल्या चार दिवसांत जे कुठल्याच शब्दात धरलं नव्हतं ते तिच्यासमोर उघडं पडलं. ती चुलीपाशी खाली बसली. उल्केनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि कुणी काढून घेईल या भीतीनं वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावून उरलेली खीर एका दमात पिऊन टाकली.

बीजी फसकन हसल्या. "लै! चढ़ गया काटा!"

रागिणीलाही हसू आवरेना. डोळे पुसत ती हसली. पण आता काय? उलटी तर करायला लावता येत नाही. असं मनात आलं, आणि मनात आलं याचीच तिला शिसारी आली.

*

अंगणवाडीत त्या दिवशी जत्रा होती. तारीख वरून ठरली होती. वर बसलेल्यांना माघीची सकाळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून कागदावर ते सुचलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक पंजाबी घरातलं पोर खीर खाऊन आलं होतं. काहींच्या खिशांत अजून दाणे होते. सुदेश बहनजी दारातच खिसे रिकामे करून घेत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या.

"हाय रब्बा, ये क्या दिन रखा है! बंटी, मुंह में क्या है? थूक!"

बंटी थुंकला नाही, गिळून मोकळा झाला. त्याच्या आईनं त्याला धपाटा घातला.

खोलीच्या तुळईला काटा टांगला होता. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली कापडी झोळी. तबकडीवर सुदेशनी प्रत्येक वयाची रेघ लाल पेन्सिलीनं ओढून ठेवली होती. पोर झोळीत बसवलं की सगळ्या आया श्वास धरून वर पाहायच्या. तपासणीच्या मोठ्या बाई आल्याच नव्हत्या. धुक्यात जीप कुठं अडली होती की बंदमुळं निघालीच नव्हती, कुणाला माहीत नव्हतं.

रागिणीच्या पुढं फूलमती होती. तीही लांबून, गोंड्याकडून आलेली, नवरा पलीकडे भट्टीवर विटा उचलायचा. तिची मुन्नी उल्केच्याच वयाची. फूलमतीच्या घरी सणाला आधी अंघोळ, मग खिचडी; आणि अंघोळ वजनानंतर, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मुन्नीचं स्वेटर काढलं, गळ्यातला ताईत काढला, हातातल्या काचेच्या दोन बांगड्यासुद्धा काढल्या. मुन्नी झोळीत बसली, आणि काटा रेघेच्या बराच खाली थांबला.

"नीचे," सुदेश म्हणाल्या.

फूलमती खळखळून हसली. हसता हसताच तिच्या काहीतरी ध्यानात आलं, तिनं पदर तोंडावर ओढला आणि मुन्नीला घट्ट उराशी घेतली. ती मुन्नीच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि स्वेटरशिवायच्या त्या पाठीचा एक एक मणका तिच्या बोटांखाली येत असणार.

"उल्का शिंदे."

रागिणीनं उल्केला झोळीत बसवलं. काटा हलला, वर गेला, रेघेशी आला, रेघ ओलांडून थोडा पुढं जाऊन थांबला. आज कुणी मान वाकडी करून पाहिलं तरी खाली दिसणार नव्हता.

सुदेशनी पेन्सिल कानावर ठेवली आणि रागिणीला हळूच बाजूला ओढलं.

"सुन. आज सबने खाया है, मैं जानती हूं. मैडम तो आई नहीं. कल सवेरे ले आ, खाली पेट. पानी भी मत देना. मैं कल का ही लिखूंगी. इन सबको भी यही बोला है." त्यांनी मागच्या बायांकडे मानेनं खूण केली. "समझी?"

रागिणी समजली. देव पावला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. एक दिवस आणखी. आजची दुपार, आजची संध्याकाळ. गोष्ट, गाणं, झोप. चार दिवस काढले तिथं एक. ती 'हां जी' म्हणायला वळली.

उल्का अजून झोळीत होती. पाय लोंबकळत होते. तिनं पोट आत ओढून घेतलं होतं, गाल आत ओढून घेतले होते, डोळे मिटले होते आणि श्वास रोखून धरला होता. हलकं व्हायला. चेहरा लालबुंद झाला होता. तरी ती श्वास सोडत नव्हती.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"सोड," रागिणी म्हणाली. "उल्के, श्वास सोड. सोड बाळा."

उल्केनं एक डोळा उघडला. "हुआ?"

"झालं."

भस्सकन श्वास सुटला. रागिणीनं तिला काखेत धरून बाहेर काढली. उचलताना तिला पहिल्यांदा जाणवलं, की पोरगी खरंच जड झाली आहे. खिरीनं नव्हे. खीर ती किती, वाटीभर. पाय लांब झाले होते, मांड्या भरल्या होत्या, टाचा आता आईच्या गुडघ्यापर्यंत येत होत्या. दलियानं केलं होतं, आणि चार दिवसांच्या उपासानंसुद्धा ते गेलं नव्हतं. तिला एकदम हायसं वाटलं. ती हसायला लागली.

"क्या हुआ?" सुदेशनी विचारलं.

"रहने दो, बहनजी. यही वजन है उसका."

"पागल है? नाम कट जाएगा."

"कटने दो."

"घर में क्या खिलाएगी?"

"देखती हूं," ती म्हणाली. "पर कल खाली पेट नहीं लाती मैं."

सुदेशनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढली, कागदावर जे लिहायचं ते लिहिलं, आणि उल्केच्या गालाचा चिमटा घेऊन म्हणाल्या, "मोटी!" मग त्या पाठमोऱ्या होऊन पुढच्या पोराच्या खिशात हात घालायला लागल्या.

दारात फूलमती उभी होती. "ए बहिनी," ती अडखळत म्हणाली, "मुन्नी की कटोरी में से..."

"न्हाई गं," रागिणी मराठीतच म्हणाली, आणि मुन्नीच्या उघड्या पाठीवर स्वेटर ओढलं. "तिची कटोरी तिलाच पुरू दे."

फूलमतीला शब्द कळले नसतील. ती मान हलवून मुन्नीला कडेवर घेऊन निघाली.

*

वाटेत धुकं विरत होतं. बाजाराची शटरं वर जात होती, चौकीवरचे शिपाई हात शेकत होते. रागिणीनं पदराची गाठ सोडून कालच्या रेवड्या काढल्या. उल्केनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"खा. किती पण खा."

घरी जाता जाता तिनं विचार केला, आणि अंगणात पाय ठेवेपर्यंत तो पक्का केला. बीजी उन्हाच्या पट्ट्यात खाट टाकून बसल्या होत्या.

"बीजी, तुम्हारा तंदूर क्यों बंद है?"

अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा तंदूर होता. एरवी दुपारी गल्लीतल्या बाया कणीक मळून आणायच्या, बीजी भाजून द्यायच्या, आणि भाजणाऱ्या हाताला प्रत्येकीनं कणकेचा एक गोळा ठेवून जायचा, अशी रीत. थंडी सुरू झाल्यापासून त्यावर पत्रा झाकलेला होता.

"मोढा नहीं चलता," बीजींनी खांदा दाखवला. "झुकना नहीं होता. औरतें आके पूछती हैं, मैं क्या करूं?"

"मैं करूं?"

"तू?" बीजींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझे आती है तंदूर की रोटी?"

"भाकरी आती है. बाजरी की. हात से थापके."

"वो और है, ये और है. हाथ जलता है इसमें."

"उधर भी जलता है, बीजी."

बीजी मोठ्यानं हसल्या. "दो दिन सबकी रोटी आग में गिराएगी, गालियां खाएगी."

"खाऊंगी."

"ते गोळे?"

"आधे आप के, आधे मेरे."

"मैं अकेली, मैंने आधे का क्या करना? कुडी दुपहर को मेरे पास बैठेगी," बीजी म्हणाल्या. "मुझे अकेली बैठे रोटी नहीं उतरती. ये शर्त है." आणि मग, जणू बोलणं संपलंच होतं, त्यांनी खाटेखालून जुना हातमोज्यासारखा शिवलेला जाड कपडा काढून रागिणीच्या अंगावर फेकला.

रागिणीनं तंदूरवरचा पत्रा बाजूला केला. पदर खोचला, बाह्या वर सारल्या, आणि आत वाकून तळाची जुनी राख पत्र्याच्या डब्यात काढायला लागली. दुपारपर्यंत पेटायला हवा. गुरुनाथला सांगावं लागेल. तो म्हणेल, मी शिकवतो, मेसमधी तंदूर होता. आणि खरंच होता. तिला एकदम भूक लागली. चार दिवसांत आपल्यालाही भूक लागते हे ती विसरून गेली होती.

उल्का तंदूरच्या काठाशी येऊन उकिडवी बसली. तिच्या गालात रेवडी होती, बाहेरून उंचवटा दिसत होता. तोंड हलायचं थांबलं होतं. विचार करत असली की ती अशीच चघळायची थांबायची.

"आई."

"काय गं?" रागिणीचा आवाज तंदूरच्या पोटात घुमला.

"मुन्नी हलकी भरली, म्हणून मुन्नीची मम्मी हसली ना?"

"हं."

"और मैं भारी भरले, तर तू हसलीस."

राख काढणारा हात हळू झाला.

"हं."

"मग आई," उल्केनं रेवडी या गालातून त्या गालात घेतली, "जीता कौन?"